डंकर्कचा किनारा, रॅम्सगेटच्या होड्या आणि मुंबईहून गेलेले खेचरवाले

वाचकहो, आपला जिल्हा समुद्रापासून दूर आहे. सह्याद्रीच्या या बाजूला राहणाऱ्या आपल्या मुलांना भरती-ओहोटी ठाऊक असते ती भूगोलाच्या पुस्तकातून. तरीही अहमदनगरचे (आजच्या अहिल्यानगरचे) आणि समुद्राचे नाते जुने आहे. निजामशाहीच्या काळी या शहराचा माल चौल बंदरातून दर्यापार जात असे. अरबस्तान आणि इराणशी होणारी ये-जाही त्याच वाटेने चाले. म्हणून या स्मरणिकेच्या पानांवर सागराची एक कथा सांगितली, तर ती अगदीच अस्थानी ठरू नये.

ही कथा सन १९४० च्या मे-जून महिन्यांतली आहे. फ्रान्समधील डंकर्क येथून इंग्लंडची सेना लहान लहान होड्यांतून कशी सुटली, हे आपल्यापैकी अनेकांनी शाळेत वाचले असेल. परंतु या कथेचे दोन भाग सहसा सांगितले जात नाहीत. त्या होड्यांनी नेमके काय केले आणि काय केले नाही, हा पहिला भाग. दुसरा भाग आपल्याला अधिक जवळचा आहे. त्या किनाऱ्यावर आपल्या देशाची माणसेही उभी होती. ती मुंबईच्या बंदरातून गेलेली होती आणि त्यांतील बहुसंख्य मुसलमान होती. हे दोन्ही भाग आज आपण क्रमाने पाहू.

३ सप्टेंबर १९३९ रोजी इंग्लंडने जर्मनीविरुद्ध युद्ध पुकारले. त्याच दिवशी व्हाइसरॉयने हिंदुस्थानलाही युद्धात ओढले. येथील लोकप्रतिनिधींना कोणी विचारले नाही. काँग्रेसच्या प्रांतिक मंत्रिमंडळांनी निषेध म्हणून राजीनामे दिले. मार्च १९४० मध्ये रामगढ येथे काँग्रेसचे अधिवेशन भरले. त्याचे अध्यक्ष होते मौलाना अबुल कलाम आझाद. दोनच वर्षांनी, ऑगस्ट १९४२ मध्ये, त्याच मौलानांना पंडित नेहरू, सरदार पटेल आदी नेत्यांसह आपल्या नगरच्या किल्ल्यात आणून ठेवण्यात आले. त्या बंदिवासातच मौलानांनी ‘गुबार-ए-खातिर’ या ग्रंथातील पत्रे लिहिली. ही पार्श्वभूमी वाचकांनी ध्यानात ठेवावी. देशाचे नेते स्वातंत्र्य मागत होते, आणि त्याच वेळी देशाचे गरीब शेतकरी-पुत्र दुसऱ्याच्या युद्धात पगारासाठी आणि इमानासाठी लढायला जात होते. या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. एक सांगताना दुसरी झाकण्याचे कारण नाही.

ब्रिटिश सेनेने युद्धापूर्वीच्या काळात घोडे-खेचरे काढून मोटारी घेतल्या होत्या. पण फ्रान्समधला १९३९-४० चा हिवाळा फार कडक होता. बर्फात आणि चिखलात मोटारींची चाके रुतू लागतील, तेथे जनावरांवाचून काम भागणार नाही, हे वरिष्ठांच्या ध्यानात आले. खेचरे हाताळणारी शिकलेली माणसे आता फक्त हिंदी सैन्यात उरली होती. म्हणून रॉयल इंडियन आर्मी सर्व्हिस कोअरच्या खेचरांच्या चार तुकड्या, म्हणजे २२, २५, २९ आणि ३२ क्रमांकाच्या कंपन्या, फ्रान्सला पाठवण्याचे ठरले. या पथकाला ‘फोर्स के-६’ असे सांकेतिक नाव होते. डिसेंबर १९३९ मध्ये हे पथक मुंबईहून निघाले आणि २६ डिसेंबरला मार्सेल्सच्या बंदरात उतरले. या युद्धात युरोपच्या भूमीवर पाय ठेवणारे हे पहिले हिंदी सैनिक होत.

या पथकातील बहुतेक जण रावळपिंडी, झेलम आणि आसपासच्या जिल्ह्यांतील पंजाबी मुसलमान होते. काही पठाणही होते. त्यांचे काम लढण्याचे नव्हते. दारूगोळा, अन्न, लाकूड, काटेरी तार असे सामान खेचरांच्या पाठीवर लादून आघाडीपर्यंत पोचवायचे, हे त्यांचे काम. सैन्यात अशा माणसांना मान कमी आणि कष्ट जास्त असतात. फ्रान्सच्या खेड्यांतील लोकांनी मात्र या फेटेवाल्या, नमाजी, जनावरांवर जीव लावणाऱ्या माणसांना आपुलकीने वागवले, असे त्या काळच्या आठवणींवरून दिसते.

१० मे १९४० रोजी जर्मनांनी हॉलंड, बेल्जियम आणि फ्रान्सवर हल्ला चढवला. त्यांच्या रणगाड्यांनी आर्देन्नच्या जंगलातून घुसून दहा दिवसांत समुद्र गाठला. ब्रिटिश सेना, बेल्जियमची सेना आणि फ्रेंच सेनेचा मोठा भाग उत्तरेकडे कोंडला गेला. बोलोन पडले, कॅले पडले. मोकळे बंदर एकच उरले, ते डंकर्क. २४ मे रोजी जर्मन रणगाड्यांना थांबण्याचा हुकूम झाला. तो का दिला गेला, यावर इतिहासकारांचा वाद आजही चालू आहे. रणगाडे पुन्हा हलेपर्यंत दोस्त सैन्याला डंकर्कभोवती बचावाची फळी उभी करण्यास दोन दिवस मिळाले. २६ मेच्या सायंकाळी सैन्य परत आणण्याची मोहीम सुरू झाली. तिचे नाव ‘डायनॅमो’. तिची सूत्रे डोव्हरच्या किल्ल्याखालील भुयारांत बसलेल्या व्हाइस-अ‍ॅडमिरल बर्ट्रम रॅम्झी यांच्या हाती होती. दोन दिवसांत सुमारे ४५,००० माणसे आणता आली तरी पुष्कळ, अशी वरिष्ठांची अपेक्षा होती.

येथे वाचकांनी डंकर्कचा किनारा डोळ्यांपुढे आणावा. तो फार उथळ आहे. वाळूचा उतार इतका मंद की मोठे जहाज किनाऱ्यापासून निदान अर्ध्या-पाऊण मैलावर थांबते. बंदराच्या गोद्या बॉम्बवर्षावाने निकामी झाल्या होत्या. माणसे वाळूवर आणि जहाजे खोल पाण्यात, अशी स्थिती होती. मधले पाणी ओलांडायला लहान होड्या हव्या होत्या. कोकणात भाऊच्या धक्क्यावरून बोटीवर गेलेल्यांना किंवा जुन्या बंदरांत मचव्यातून उतरलेल्यांना हे लगेच कळेल. मोठी बोट बाहेर नांगरून उभी राहते आणि पडाव माणसांची ने-आण करतात. डंकर्कला हेच हवे होते, फक्त डोक्यावर विमाने आणि भोवती सुरुंग होते.

आता या होड्या आल्या कोठून? लोकांची समजूत अशी की इंग्लंडच्या कोळ्यांनी बातमी ऐकली आणि ते आपण होऊन होड्या घेऊन निघाले. खरी हकीकत थोडी निराळी आहे. १४ मे रोजी, म्हणजे मोहिमेच्या आधी जवळजवळ दोन आठवडे, बीबीसीवरून नौखात्याचा एक हुकूम वाचला गेला. ३० ते १०० फूट लांबीच्या यांत्रिक खाजगी बोटींच्या मालकांनी १४ दिवसांत आपल्या बोटीची माहिती नौखात्याला कळवावी, असा तो हुकूम होता. म्हणजे कोणाकडे काय आहे, याची यादी गरज पडण्यापूर्वीच तयार होऊ लागली होती. मे अखेरीस टेडिंग्टनच्या टफ बंधूंसारख्या बोटी बांधणाऱ्या मंडळींनी थेम्स नदीवरच्या शंभराहून अधिक बोटी गोळा केल्या. त्या शीरनेस येथे तपासल्या गेल्या. तेथून त्या केंट परगण्याच्या टोकावरील रॅम्सगेट या लहानशा बंदरात आल्या. तेल, अन्नपाणी आणि शेवटचे हुकूम त्यांना रॅम्सगेटलाच मिळाले. अनेक बोटींवर समुद्राचा नकाशाच नव्हता, कारण त्या आजवर नदीबाहेर गेल्या नव्हत्या. तेथील नौदलाच्या कचेरीने शेकडो नकाशे वाटले आणि त्यांवर वाट आखून दिली. पुष्कळ बोटींवर मालकाऐवजी नौदलाचे खलाशी बसवण्यात आले. काही मालक मात्र आपली बोट दुसऱ्याच्या हाती द्यायला तयार झाले नाहीत, ते स्वतः गेले.

डोव्हरहून डंकर्कची जवळची वाट ३९ सागरी मैलांची होती. ती कॅलेच्या जर्मन तोफांच्या माऱ्यात आली, तेव्हा ८७ मैलांची लांब वाट घ्यावी लागली. पुढे सुरुंग काढून ५५ मैलांची तिसरी वाट मोकळी केली गेली. नदीवर सहलीला नेण्यासाठी बांधलेली बोट घेऊन त्या वाटेने जाणे म्हणजे काय, याची कल्पना वाचकांनीच करावी.

अशा माणसांपैकी तिघा-चौघांची नोंद येथे करतो. चार्ल्स लाइटोलर हे गृहस्थ १९१२ साली बुडालेल्या ‘टायटॅनिक’ जहाजावरचे दुसरे अधिकारी होते. त्या रात्री वाचलेल्यांत ते होते. १९४० मध्ये त्यांचे वय ६६ वर्षांचे होते. त्यांची ‘सनडाउनर’ ही ५८ फुटी बोट नौखात्याने मागितली, तेव्हा ती आपणच नेणार असे त्यांनी सांगितले. मुलगा रॉजर आणि एक तरुण सागरी बालवीर यांना बरोबर घेऊन ते १ जून रोजी रॅम्सगेटहून निघाले. त्या छोट्या बोटीतून त्यांनी सुमारे १३० सैनिक परत आणले. रॅम्सगेटची जीवरक्षक नौका ‘प्रुडेन्शियल’ आणि शेजारच्या मार्गेटची ‘लॉर्ड साउथबरो’ या दोन नौका आपल्या नेहमीच्या स्वयंसेवक खलाशांसह गेल्या. ‘प्रुडेन्शियल’चे तांडेल हॉवर्ड नाइट यांच्या माणसांनी सुमारे ३० तास काम करून सुमारे २,८०० सैनिकांना किनाऱ्यावरून मोठ्या जहाजांपर्यंत पोचवले. ‘लॉर्ड साउथबरो’चे तांडेल एडवर्ड पार्कर यांच्या नौकेने सुमारे ६०० जणांना वाचवले. दोघांनाही सरकारने पदके दिली.

ली-ऑन-सी या गावातून शिंपल्या गोळा करणाऱ्या कोळ्यांच्या सहा होड्या गेल्या होत्या. रात्रभर काम करून त्या परत निघाल्या. त्यांपैकी ‘रिनाउन’ नावाची होडी सुरुंगावर आदळली आणि तिच्यावरचे चारही जण क्षणात नाहीसे झाले. ‘टॅमझिन’ ही मोहिमेतील सर्वांत लहान होड्यांपैकी एक. लांबी पुरती १५ फूटही नाही. ती आज लंडनच्या युद्धसंग्रहालयात जपून ठेवलेली आहे.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. एका बंदराच्या जीरक्षक नौकेच्या तांडेलाने जाण्यास नकार दिला. आपली जड नौका उथळ वाळूवर एकदा लागली की पुन्हा पाण्यात ढकलता येणार नाही, असे त्याचे म्हणणे होते. आम्ही मेलो तर बायकामुलांच्या निवृत्तिवेतनाचे काय, असाही प्रश्न विचारला गेला. नौदलाने रागावून ती नौका ताब्यात घेतली आणि बाकीच्या बहुतेक जीवरक्षक नौकाही आपल्या खलाशांच्या हाती दिल्या. त्या तांडेलाला पुढे कामावरून कमी करण्यात आले. त्याला भित्रा म्हणणे सोपे आहे. परंतु वाचकहो, मोलमजुरी करून घर चालवणाऱ्या माणसाने ‘माझ्यामागे माझ्या घराचे काय’ असे विचारणे हा गुन्हा आहे काय? सेवेला बोलावणाऱ्यांनी या प्रश्नाचे उत्तर आधीच तयार ठेवायला हवे. आपल्या संस्थांनाही हे लागू आहे.

सैनिक इंग्लंडला पोचले म्हणजे काम संपले असे नव्हते. एकट्या रॅम्सगेटला ४२,००० हून अधिक माणसे उतरली. ती उपाशी होती, ओली होती, अनेकांच्या पायांत बूट नव्हते. गावातील स्त्रियांनी चहा केला, पाव कापले, घरातले कपडे आणि पांघरुणे आणून दिली. गावाच्या स्थानकातून ८२ खास आगगाड्या सुटल्या. सर्व बंदरांतून मिळून अशा ६२० गाड्या निघाल्या. वाटेतील हेडकॉर्नसारख्या खेड्यांच्या स्थानकांवर गाडी काही मिनिटे थांबे आणि तेवढ्या वेळात गावकरी स्त्रिया आणि सैनिक मिळून डब्याडब्यांतून खाणे-पिणे पोचवत. हे काम दिवसरात्र, आठ-नऊ दिवस चालले. या स्त्रियांची नावे कोणत्याही पदकावर कोरलेली नाहीत.

आता आकडे पाहू, कारण भावनेच्या भरात आकडे विसरले जातात. २७ मे रोजी केवळ ७,६६९ माणसे आली. ३१ मे रोजी हा आकडा ६८,०१४ वर गेला. ४ जूनच्या सकाळी मोहीम संपली, तेव्हा एकूण ३,३८,२२६ माणसे इंग्लंडला पोचली होती. त्यांपैकी ९८,६७१ जणांना वाळूच्या किनाऱ्यावरून उचलले गेले. उरलेले २,३९,५५५ जण बंदरातून, मुख्यतः पूर्वेकडच्या लांबलचक लाकडी धक्क्यावरून, चढले. हा धक्का जहाजे लावण्यासाठी बांधलेलाच नव्हता. तो लाटा अडवण्यासाठी होता. कॅप्टन विल्यम टेनंट यांनी २७ मेच्या रात्री तेथे जहाज लावून पाहण्याचे धाडस केले, ते साधले, आणि मोहिमेचे रूप बदलले. म्हणजे दहांपैकी सात माणसे धक्क्यावरून मोठ्या जहाजांनी आणली. विनाशिका आणि प्रवासी बोटी यांचा वाटा सर्वांत मोठा होता.

मग लहान होड्यांचे महत्त्व कमी होते का? तसे मुळीच नाही. वाळूवर उभ्या असलेल्या जवळजवळ एक लाख माणसांना जहाजापर्यंत नेणारे दुसरे साधन नव्हते. लहान होडी स्वतः फार माणसे इंग्लंडला नेत नव्हती, ती फेऱ्या मारत होती. मोठ्या जहाजाला लहान होडीवाचून किनारा गाठता येत नव्हता आणि लहान होडीला मोठ्या जहाजावाचून समुद्र पार होत नव्हता. एकाच्या पराक्रमात दुसऱ्याचा वाटा असतो, हे सांगणारा इतिहासच खरा इतिहास. या यशात फ्रेंच सैन्याचाही वाटा होता. वाचलेल्यांत सुमारे १,२३,००० फ्रेंच सैनिक होते. शेवटच्या दिवसांत जर्मनांना अडवून धरणारी फळी मुख्यतः फ्रेंचांची होती आणि त्यांतील सुमारे ४०,००० जण अखेर शत्रूच्या हाती पडले. दोनशेहून अधिक लहानमोठ्या बोटी बुडाल्या. सेनेच्या तोफा आणि मोटारी तेथेच राहिल्या. चर्चिल यांनी स्वतः पार्लमेंटमध्ये बजावले होते की सैन्य मागे आणणे म्हणजे युद्ध जिंकणे नव्हे.

आता आपल्या खेचरवाल्यांकडे वळू. माघारीच्या गर्दीत त्यांच्या तुकड्याही डंकर्ककडे निघाल्या. रस्ते निर्वासितांनी भरलेले होते आणि वरून विमाने गोळ्या झाडत होती. २४ मे रोजी डंकर्कच्या वाटेवर एका तुकडीवर तोफा आणि बॉम्ब यांचा मारा झाला. जमादार मौला दाद खान यांनी त्या गोंधळात माणसे आणि जनावरे पुन्हा एकत्र केली, त्यांना रस्त्यावरून बाजूला घेतले आणि आडोशाला नेले. या धैर्याबद्दल त्यांना ‘इंडियन डिस्टिंग्विश्ड सर्व्हिस मेडल’ मिळाले. या पथकात महंमद अकबर खान नावाचे हिंदी अधिकारीही होते. फाळणीनंतर ते पाकिस्तानच्या सैन्यात मेजर जनरल झाले.

समुद्राशी पोचल्यावर हुकूम आला की जनावरे सोडून द्या. ज्या खेचरांना मुंबईपासून सांभाळून आणले, कडाक्याच्या थंडीत ज्यांच्या अंगावर आधी पांघरूण घातले आणि मग स्वतः निजले, ती खेचरे मागे ठेवून या माणसांना जावे लागले. शेतकऱ्याच्या घरात वाढलेल्या वाचकाला यातील दुःख सांगण्याची गरज नाही. पण ही माणसे शिस्त सोडून पांगली नाहीत. रांगेने धक्क्यावर गेली, रांगेने चढली आणि इंग्लंडला उतरली. पुढे ती इंग्लंड, वेल्स आणि स्कॉटलंडच्या डोंगरांत खेचरे घेऊन काम करत राहिली आणि १९४४ च्या सुरुवातीला मायदेशी परतली. काही मात्र परतली नाहीत. स्कॉटलंडमधील किंगुसी या गावच्या कबरस्तानात त्यांच्यापैकी काहींच्या कबरी आहेत.

२२ क्रमांकाच्या कंपनीचे नशीब निराळे होते. ती फ्रान्सच्या पूर्व सीमेकडे होती, तिला डंकर्क गाठताच आले नाही. जून १९४० मध्ये ती जर्मनांच्या हाती पडली आणि तिच्या सैनिकांना चार-चार वर्षे युद्धकैदी म्हणून काढावी लागली. फ्रान्समधील एपिनाल येथे हिंदी युद्धकैद्यांची मोठी छावणी होती. ११ मे १९४४ रोजी दोस्तांच्याच विमानांनी तेथे बॉम्ब टाकले. भिंती पडल्या, अनेक कैदी मेले आणि जिवंत राहिलेले बाहेर पळाले. भाषा येत नाही, वाट ठाऊक नाही, चेहरा लपत नाही, अशा स्थितीत सुमारे ५०० हिंदी सैनिक चालत स्वित्झर्लंडला पोचले. हे कसे साधले? वाटेवरच्या फ्रेंच शेतकऱ्यांनी त्यांना भाकरी दिली, गोठ्यात लपवले आणि रात्री सीमेची वाट दाखवली. असे करताना पकडले गेले असते तर मृत्यू ठरलेला होता. रॅम्सगेटच्या स्वयंसेवकांइतकेच हे गावकरीही स्वयंसेवक होते. त्यांच्याजवळ होडी नव्हती, एवढाच फरक.

आणि समुद्रावरची आपली माणसे? त्या काळी ब्रिटिश व्यापारी जहाजांवर हजारो हिंदी खलाशी नोकरीस होते. साऱ्या खलाशांच्या सुमारे चौथ्या हिश्श्याएवढी त्यांची संख्या होती. त्यांत सिल्हेट आणि नोआखालीचे होते, पंजाबचे होते, गोव्याचे होते, आणि डेकवरच्या कामात आपल्या रत्नागिरी-कुलाब्याकडचे कोकणी मुसलमान मोठ्या संख्येने होते. डंकर्कसमोर २९ मे रोजी बॉम्ब लागून जळालेले ‘क्लॅन मॅकॲलिस्टर’ हे जहाज ज्या कंपनीचे होते, त्या क्लॅन लाइनच्या बोटी हिंदी खलाशांवर चालत. दुसऱ्या महायुद्धात सुमारे ६,६०० हिंदी खलाशांनी प्राण गमावले. ज्यांना समुद्रावाचून दुसरी कबर मिळाली नाही अशा हजारोंची नावे एका नोंदवहीत लिहिलेली आहेत. तिची एक प्रत मुंबईत आणि एक चितगावात ठेवलेली आहे. मशीद बंदरजवळच्या खलाशीगृहावरून जाताना किती जणांना हे ठाऊक असते?

२०१७ साली डंकर्कवर एक मोठा इंग्रजी चित्रपट निघाला आणि जगभर चालला. त्यात हिंदी सैनिक दिसले नाहीत, म्हणून पुष्कळ टीका झाली. टीका रास्त होती. पण आपण दुसऱ्याकडे बोट दाखवण्याआधी स्वतःलाही विचारू या. आपल्या पाठ्यपुस्तकांत, आपल्या व्याख्यानमालांत, आपल्या स्मरणिकांत या माणसांना किती जागा मिळाली? फाळणीनंतर त्यांचे जिल्हे पाकिस्तानात गेले, म्हणून येथे त्यांना कोणी आपले म्हटले नाही. ते इंग्रजांचे नोकर होते, म्हणून तेथेही त्यांचा फारसा गौरव झाला नाही. अशी माणसे दोन्ही घरांच्या उंबऱ्याबाहेर राहतात. ज्याच्या बाजूने बोलणारे कोणी नाही, त्याला इतिहासात जागा मिळवून देणे हे शिकलेल्या माणसाचे काम आहे.

आपल्या महाराष्ट्राच्या किनाऱ्यावरही अशी एक घटना घडली आहे. ती युद्धातली नाही, पण जातकुळी तीच. १७ जुलै १९४७ रोजी भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट वादळी समुद्रात काश्याच्या खडकाजवळ उलटली. सहाशेहून अधिक माणसे गेली. मुंबईला बराच वेळ पत्ताही नव्हता. त्या वेळी रेवसच्या बाजूच्या कोळ्यांनी आपल्या होड्या खवळलेल्या पाण्यात घालून बुडणाऱ्यांना वर ओढले. त्यांना कोणी हुकूम दिला नव्हता. बुडणारा हिंदू की मुसलमान, गावचा की परका, हे विचारायला तेथे वेळ नव्हता आणि कोणी विचारलेही नाही. एक जीव वाचवणाऱ्याने जणू साऱ्या मानवजातीला वाचवले, ही शिकवण आपल्या मुलांना मदरशात लहानपणीच मिळते. रेवसच्या कोळ्यांनी ती शिकवण कोणत्या शब्दांत ऐकली होती कोण जाणे, पण पाळली मात्र पुरी.

या साऱ्या हकिकतीतून आपल्यासारख्या शिक्षणसंस्थेने काय घ्यावे, हे थोडक्यात सांगून हा लेख पुरा करतो.

पहिली गोष्ट, सेवाभाव ऐन वेळी उपयोगी पडतो तो आधीची तयारी असेल तरच. होड्यांची यादी १४ मे रोजी मागवली होती म्हणून २९ मे रोजी होड्या मिळाल्या. प्रवरा-गोदावरीला पूर येतो, दुष्काळात टँकर लागतात, साथी येतात. त्या वेळी धावणारे तरुण आपल्या समाजात पुष्कळ आहेत. पण कोणाला पोहता येते, कोणाला प्रथमोपचार येतात, कोणाचे वाहन मिळेल, कोणते रक्त कोणाचे, याची वही आपल्या शाळांत आहे काय? नसेल तर ती करावी. तिला खर्च काही नाही.

दुसरी गोष्ट, लहान काम आणि मोठे काम असा भेद करू नये. खेचर हाकणारा, चहा करणारी, नकाशावर रेघ ओढणारा कारकून आणि विनाशिकेचा कप्तान, यांतला एकही जण वजा केला तर ३,३८,२२६ हा आकडा पुरा होत नाही. आपल्या विद्यार्थ्यांपैकी सगळेच डॉक्टर-इंजिनीयर होणार नाहीत. जो जे करील ते नीट करील आणि वेळेला उभा राहील, एवढे शिक्षणाने साधले तरी पुष्कळ.

तिसरी गोष्ट, लिहून ठेवावे. ज्यांची नावे लिहिली गेली ती राहिली, बाकीची वाळूत मिसळली. आपल्या घरांतही फौजेत, रेल्वेत, गोदीत, जहाजावर नोकरी केलेले वडीलधारे होऊन गेले. कोणाच्या पेटीत पदक असेल, कोणाकडे खलाशाचे दाखलापुस्तक असेल, कोणाकडे उर्दूत किंवा मोडीत लिहिलेली पत्रे असतील. आमच्या विद्यार्थ्यांनी येत्या सुट्टीत आपल्या आजी-आजोबांसमोर वही घेऊन बसावे, तारखा विचाराव्या, गावांची नावे विचारावी आणि ऐकलेले जसेच्या तसे लिहून शाळेत आणून द्यावे. शिक्षकांनी ते तपासून जपून ठेवावे. पुढच्या वर्षीच्या स्मरणिकेत त्यांतील चार पाने जरी छापता आली, तरी दूरच्या डंकर्कची हकीकत येथे सांगितल्याचे सार्थक झाले, असे मी समजेन.